फोन झोपवणारे सुभेदार

सुभेदार गावंडे ‘फोन जमा करा’ असं कधी म्हणाले नाहीत. ते म्हणत, ‘‘फोन झोपवा.’’ कॅम्पच्या पहिल्या सकाळी चहा आटोपला की, लहान लेकरांना दुपारी निजवावं तशा आवाजात. आणि आमचे फोन खरंच निजायचे. गावंडे साहेबांच्या बायकोनं गादीच्या निळ्या पट्ट्यांच्या कापडाची एक लांबलचक झोळी शिवून दिली होती. तिला कप्पेच कप्पे आणि प्रत्येक कप्प्यावर लाल दोऱ्यानं एकेकाचं आडनाव. वानखडे, इंगळे, तायडे, ढोरे. माझ्या कप्प्यावर मात्र आडनाव नव्हतं. ‘मास्तर’ असं होतं. मी अमरावतीला शिकवणी वर्गात गणित शिकवतो, म्हणून साहेबांनी पहिल्याच दिवशी माझं हे बारसं केलं आणि पलटणीत मला माझ्या नावानं ओळखणारं कुणी उरलं नाही.

आमची पलटण अर्धवेळ सैनिकांची. वर्षातले काही आठवडे अंगावर वर्दी, एरवी ज्याचा त्याचा धंदा. कुणी ऑटो चालवतो, कुणी कापसाच्या जिनिंगमध्ये मेकॅनिक आहे, कुणाचा संत्र्याचा व्यापार. हिवाळ्यात अकोटच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचा कॅम्प पडायचा. तंबू, लंगर, सकाळची पळापळ आणि शेवटच्या आठवड्यात खोटी लढाई. दोन कंपन्या एकमेकींच्या शत्रू, मधे दंडाला पांढरी पट्टी बांधलेले अंपायर, आणि पाहायला कर्नल साहेब. लढाई खोटी असली तरी आम्ही ती मनावर घ्यायचो.

गावंडे साहेब मात्र पूर्णवेळ फौजी. तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यातले. घरची काळी जमीन भाऊ बघायचे आणि हे उभा जन्म सरहद्दीवर फिरलेले. निवृत्तीपूर्वीची शेवटची काही वर्षं त्यांना आमच्यात धाडलं होतं, आम्हाला फौजेचं वळण लावायला. बुटका बांधा, बाहेर आलेले कान, आणि खिशात सदैव फुटाणे. बोलताना दोन फुटाणे तोंडात टाकायचे आणि ते चावून होईपर्यंत समोरच्यानं थांबायचं, मग तो कुणीही असो. भाषा कायम वऱ्हाडी. आमचे कंपनी कमांडर मेजर साहेब हिमाचलचे, तरुण, मोजकं बोलणारे. त्यांच्याशीसुद्धा साहेब हिंदी म्हणून जे बोलायचे त्यात निम्मी वऱ्हाडी असायची. दुसऱ्या वर्षी मेजर साहेब एका जवानाला ‘‘काहून रे, लेट काहून?’’ असं म्हणाले, तेव्हा अख्ख्या लंगरनं ताटं वाजवली होती.

साहेब फोनचे वैरी होते असं कुणी समजू नये. सुटीच्या दिवशी ते स्वतः तास न् तास फोनवर असत. ठिबकचे आणि बोंडअळीचे व्हिडिओ बघत, आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बायकोला ‘‘कपाशी दाखव’’ म्हणून सांगत. बाई फोन घेऊन अंधारत्या शेतात उभ्या आणि साहेब इकडून ‘‘जरा खाली कर, पान दाखव, पानाच्या मागून दाखव’’ असे हुकूम सोडत आहेत, हे दृश्य आम्ही खूपदा पाहिलं. ‘‘फोन वाईट नाई रे,’’ ते म्हणत. ‘‘फोन बोलका हाय. आन् आपलं काम मुक्यानं करायचं हाय. एवढाच फरक.’’

ते येण्यापूर्वी आमच्याकडे फोनचा मोठा तमाशा होता. आधीचे सुभेदार एक पत्र्याची पेटी ठेवत, दमदाटी करत, झडत्या घेत. त्यावर लोकांनी सोपा तोडगा काढला होता. पेटीत टाकायला घरून एक बंद पडलेला जुना फोन आणायचा आणि खरा पायमोज्यात ठेवायचा. पेटी भरायची, सुभेदार खूश, आणि पायमोजेही भरलेले. ओढ्यात दबा धरून बसलेल्या तुकडीतून मधेच कुणाचं तरी गाणं वाजायचं.

गावंडे साहेबांनी पहिल्या दिवशी झडती घेतली नाही. सगळ्यांना पिंपळाखाली गोल बसवलं, झोळी फांदीला टांगली, स्वतःचा फोन पहिल्या कप्प्यात ठेवला, दुसऱ्यात वानखडेला त्याचा ठेवायला लावला आणि त्याला उभं केलं. प्रवीण वानखडे वरूडचा, संत्र्याचा व्यापारी, अंगानं आडवा आणि तोंडानं गोड.

‘‘वानखडे, बायकोचा नंबर सांग.’’

‘‘सेव्ह हाय साहेब.’’

‘‘कुठी सेव्ह हाय?’’

‘‘फोनमंधी.’’

‘‘आन् फोन कुठी हाय?’’

वानखडेनं झोळीकडे पाहिलं. साहेबांनी दोन फुटाणे चावले. ‘‘बरं, अडत्याचा सांग.’’

वानखडेनं अडत्याचा नंबर एका दमात सांगितला. सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

‘‘मंग उद्या जंगलात तुले सर्प चावला त अडत्यालेच सांगू का आमी?’’

हसू थांबलं. त्यांनी गोलातल्या एकेकाला विचारलं. घरचा नंबर तोंडपाठ असलेला माणूस जवळपास नव्हताच. गणितं शिकवणारा मीही मधेच अडखळलो. तेव्हा साहेबांनी आपला नियम सांगितला. संध्याकाळपर्यंत प्रत्येकानं घरचा नंबर पाठ करायचा. ज्याला येणार नाही त्याचा फोन ते घेणार नाहीत. ‘‘राहू द्या त्याच्यापाशीच. तो फोनसंगच राहीन लंगरात, कांदे कापत. जंगलात नाई येनार.’’

त्या दुपारी लोक तंबूमागे फेऱ्या मारत पाढे म्हटल्यासारखे नंबर घोकत होते. फोन स्वतःकडे राहणं ही शिक्षा होऊ शकते हे आम्हाला प्रथमच कळत होतं. संध्याकाळी कांदे कापायला एकटा ढोरे उरला. त्यानंही दुसऱ्या दिवशी सकाळी नंबर म्हणून दाखवला, तो गात गात, कारण चाल लावल्याशिवाय त्याला पाठच होत नव्हता.

पण फोन झोपवायचाच का, हे त्यांनी अजून सांगितलं नव्हतं. आम्हाला वाटलं, शिस्त. दोन दिवसांनी त्यांनी एका प्लाटूनला मुद्दाम फोन परत दिले. ‘‘जा, लपा,’’ म्हणाले. ‘‘सागाच्या रानात कुठी बी लपा. संध्याकाळपर्यंत मी तुमाले धुंडतो.’’ आणि माझ्यासोबत चहा घेत बसले. मी त्यांचा सेट उचलणारा, म्हणजे पाठीवर वायरलेस घेऊन त्यांच्या मागं चालणारा माणूस. त्यामुळे त्यांच्या सावलीत बसायचं भाग्य मला नेहमीच लाभलं. चहा झाल्यावर त्यांनी आपला फोन काढला, दोन-तीन जणांचे स्टेटस उघडले आणि माझ्यासमोर धरले. एकानं काळा चष्मा लावून फोटो टाकला होता, खाली ‘मिशन ऑन’. दुसऱ्यानं रायफल छातीशी धरलेला.

‘‘काय दिसते, मास्तर?’’

‘‘तायडे दिसतो, साहेब.’’

‘‘तायडे सोडा. त्याच्या मांगं पाहा.’’

तायडेच्या मागं विजेचा एक मनोरा होता आणि मनोऱ्याच्या पायाशी बुरुजासारखा दगड. साहेब उठले. आम्ही सरळ चालत गेलो, ना इकडं ना तिकडं. दगडाजवळ पोचल्यावर साहेब झुडपात वाकले आणि तायडेच्या शेजारी जाऊन बसले. त्याच्याच बाटलीतलं पाणी प्याले.

‘‘फोटो चांगला आला तुया,’’ म्हणाले. ‘‘पण दुश्मनाले तुयं थोबाड नोको असते बाप्पा. त्याले मांगचा खांबा पायजे असते.’’

त्यापुढे त्यांनी भाषण दिलं नाही. दुसऱ्या सकाळी झोळी टांगली तेव्हा त्या प्लाटूनचे लोक सगळ्यांत पुढे होते.

तरीही पायमोजे पूर्ण रिकामे झाले नव्हते, आणि साहेबांना ते ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं असं की, माणूस फोन लपवतो तो गाण्यासाठी नाही. घरी काही झालं तर आपल्याला कळणार नाही, या भीतीनं लपवतो. म्हणून खोट्या लढाईच्या आदल्या दिवशी ते प्रत्येकाला स्वतःसमोर घरी फोन लावायला लावत. नियम एकच, खोटं सांगायचं नाही. ‘रेंज नसते’ असं म्हणायचं नाही. ‘मी कामात हाय, फोन माझ्यापाशी नाई, लढाई संपली की लावतो’ असंच सांगायचं. मग फोन स्वतः घेऊन ते घरच्यांशी बोलत. मोझरीच्या ढोरेच्या आईनं त्यांना अर्धा तास भजनमंडळाची हकीकत ऐकवली आणि साहेबांनी ती फुटाणे न खाता ऐकली.

गणेश इंगळेची बायको मात्र वेगळी निघाली. गणेश अमरावतीत ऑटो चालवायचा. सडसडीत, चपळ, आमच्या तुकडीचा सगळ्यांत पुढे चालणारा टेहळ्या. त्याची बायको सुनीता फोनवर साहेबांना म्हणाली, ‘‘तुमी याचा फोन घेता, मंग मले काही झालं त मी कोनाले सांगू?’’

‘‘मले सांगा, बाई.’’

‘‘तुमी सांगान त्याले? का लढाई झाल्यावर सांगान?’’

साहेबांनी हातातले फुटाणे परत खिशात टाकले. मग म्हणाले, ‘‘कॅम्पात एक बटनाचा फोन हाय. त्याचा नंबर लिवून घ्या. तिथं बातमी आली की मी सोता त्याच्यापाशी जाईन. तो कुठी बी असो. अन् जे तुमी सांगान तेच सांगीन, ना कमी ना जास्त. ही माही जबान हाय.’’

‘‘पाहू,’’ सुनीता म्हणाली आणि फोन ठेवला. गणेश शरमून गेला. साहेब खूश दिसले. ‘‘चांगली बायको हाय तुयी,’’ म्हणाले. ‘‘हिशोबानं विचारते.’’

ती जबान त्यांना दुसऱ्याच दिवशी पाळावी लागली.

लढाईच्या दिवशी आम्ही एका टेकडीवर होतो. मेजर साहेब, गावंडे साहेब आणि सेट घेऊन मी. खाली कोरड्या नाल्यात आमची तुकडी दबा धरून होती, गणेश सर्वांत पुढे. पलीकडच्या पळसांच्या रांगेत शत्रू. दुपारी हल्ला व्हायचा होता आणि कर्नल साहेब दुर्बीण घेऊन समोरच्या मचाणावर बसले होते. उन्हं वर आली होती तेव्हा कॅम्पातला हवालदार मोटारसायकल टेकडीखाली टाकून धापा टाकत वर आला. हातात तो बटणाचा फोन.

‘‘साहेब, इंगळेच्या बायकोचा फोन. पोरगी गच्चीवरून पडली. दवाखान्यात नेलं. हात मोडला, डोक्याले टाके पडले. पण बोलून राहिली म्हणे.’’

‘‘तू आयकलं का पोरीले बोलताना?’’

‘‘नाई साहेब.’’

साहेबांनी फोन घेतला, टेकडीच्या जरा उंच दगडावर चढले आणि सुनीताला फोन लावला. तिच्याकडून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘पोरीले द्या.’’

फोनमधून बारीक आवाज आला. तसा त्यांचा चेहरा सैल झाला. ‘‘नाव काय वं तुयं? ... परी? ... दुखते का? ... दुखनच. डॉक्टर काय म्हन्ते? ... बाबा येऊन राहिला. मी धाडतो त्याले आताच.’’

ते खाली आले आणि मेजर साहेबांसमोर उभे राहून सगळं सांगितलं. मेजर साहेबांना वाईट वाटलं, हे त्यांच्याकडे पाहूनच समजत होतं. पण त्यांचंही म्हणणं चुकीचं नव्हतं. ते म्हणाले, ‘‘साब, बच्ची ठीक है, डॉक्टर के पास है. दो घंटे में हमला हो जाएगा. उसके बाद बता देंगे. अभी कोई नाले में गया, तो पूरी टुकड़ी दिख जाएगी. बीस आदमी की मेहनत है.’’

‘‘बराबर हाय साहेब,’’ गावंडे साहेब म्हणाले. ‘‘पण मी त्याच्या बायकोले जबान देल्ली हाय.’’

मेजर साहेब काही बोलणार तेवढ्यात माझ्या कानातल्या सेटवर कुजबुज आली. नाल्यातला सेट तायडेकडे होता आणि त्याचं बटण दाबलेलंच राहिलं असावं. आमच्याच तुकडीतला कुणीतरी त्याला विचारत होता, ‘‘गणेशची पोरगी गेली म्हन्तात. खरं हाय का?’’

मी ते मोठ्यानं सांगितलं. गावंडे साहेबांनी माझ्या हातातून सेट ओढून घेतला. ‘‘कोनीच बोलनार नाई आता. एक शब्द नाई. मी येऊन राहिलो.’’ सेट परत माझ्याकडे दिला आणि मेजर साहेबांना म्हणाले, ‘‘कोनाच्या तरी पायमोज्यात फोन हाय साहेब. शहरातल्या ग्रुपवर आलं असन काहीतरी. आता आपल्यापाशी दोन घंटे नाईत.’’

मेजर साहेबांनी नाल्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. ‘‘इंगले की जगह कौन लेगा?’’

‘‘मी हाव ना.’’

‘‘जाइए.’’

पन्नाशीच्या आसपासचा तो माणूस पोटावर सरपटत नाल्यात उतरला आणि मी सेट घेऊन त्याच्या मागं. कोरड्या वाळूत, बोरीच्या काट्यांतून, कधी कोपरावर, कधी गुडघ्यावर. पळसांकडून कुणी पाहिलं असतं तर सगळा डाव उघडा पडला असता, म्हणून ते वळणावळणाच्या काठाला अंग चिकटवून सरकत होते. मला दम लागला होता. साहेबांचा श्वासही ऐकू येत होता, पण ते थांबले नाहीत. बटणाचा फोन त्यांनी शर्टाच्या आत टाकला होता.

आम्ही पोचलो तेव्हा गणेश अर्धवट उठून बसला होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण आजूबाजूचे सगळे त्याच्याकडे बघायचं टाळत होते आणि ते त्याच्या ध्यानात आलं होतं. थोड्या अंतरावर वानखडे वाळूत नजर खुपसून पडला होता, चेहरा पांढराफटक. गणेश उभाच राहणार तेवढ्यात साहेबांनी त्याच्या कॉलरला धरून त्याला खाली बसवलं.

‘‘पोरगी जित्ती हाय. मी बोललो तिच्याशी.’’

हे पहिलं वाक्य. बाकीचं त्यांनी त्यानंतर सांगितलं. ती गच्चीवरून पडली, हात मोडला, डोक्याला टाके पडले, डॉक्टर आजचा दिवस लक्ष ठेवणार आहेत. काहीही लपवलं नाही, काही गोडही केलं नाही.

गणेशचा विश्वास बसेना. ‘‘खरं सांगा साहेब. हे पोट्टे माह्याकडे पाहून नाई राहिले. काहून पाहून नाई राहिले?’’

साहेबांनी शर्टात हात घातला आणि फोन काढून त्याच्यासमोर धरला. मी चमकलो. लढाईच्या मैदानात फोन, तोही फोन झोपवणाऱ्या माणसाच्या हातात. काठावर, झुडपाआड, दंडाला पांढरी पट्टी बांधलेला अंपायर बसलेला मला दिसत होता. साहेबांनाही दिसत होता.

‘‘घे,’’ ते म्हणाले. ‘‘लाव घरी.’’

गणेशनं सुनीताचा नंबर एकदाही न चुकता दाबला. तंबूमागे घोकलेला तो नंबर. रेंज तुटत होती. ‘‘हॅलो’’, ‘‘हॅलो’’, मग काही नाही, मग पुन्हा. मधेच गणेश रडायला लागला आणि रडता रडताच म्हणाला, ‘‘हो, हो, आइस्क्रीम. दोन आनतो. हो वं माय, दोन.’’ आमच्यातल्या प्रत्येकानं ते ऐकलं. तायडेनं टोपीनं तोंड पुसलं.

साहेबांनी त्याला फोन संपवू दिला. मग पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘‘आता वाकून मांगं जाय. जीप उभी हाय. अंजनगाववरून जा, रस्ता बरा हाय.’’ आणि वळून वानखडेकडे पाहिलं. वानखडेनं स्वतःहूनच पायमोज्यातून फोन काढला होता.

‘‘साहेब, ग्रुपवर आलतं. वस्तीचं नाव होतं, फौजी ऑटोवाल्याची पोरगी गेली असं लिवलं होतं. मी संत्र्याचा भाव पाहाले उघडला होता. मी फक्त ढोरेले सांगतलं...’’

‘‘तू बी जाय त्याच्यासंग.’’

वानखडेला वाटलं, त्याला कॅम्पात कोठडीत धाडत आहेत. साहेब म्हणाले, ‘‘दवाखान्यात जाय. पोरगी डोयानं पाय. मंग याच फोनवरून त्याच ग्रुपवर लिव, तू काय पायलं ते. सजा मेजर साहेब देतीन. ते त्यांचं काम.’’

दोघं वाकून नाल्यानं मागं गेले. गावंडे साहेब गणेशच्या जागी, सर्वांत पुढे, वाळूत आडवे झाले. दुपारी हल्ला झाला. साहेब तुकडीच्या पुढं पळसांपर्यंत धावत गेले आणि तिथं अंपायरनं त्यांच्याकडे बोट दाखवून जाहीर केलं की, सुभेदार शहीद झाले. साहेबांनी नियमाप्रमाणे रायफल बाजूला ठेवली, एका पळसाखाली अंग टाकलं आणि लढाई चालू असतानाच घोरायला लागले. तुकडीनं ठाणं जिंकलं ते त्यांच्या घोरण्याच्या सोबतीनं.

पण जिंकलो नाही आम्ही. संध्याकाळी कर्नल साहेबांनी सगळ्यांना बसवून चुका वाचल्या तेव्हा अंपायरची नोंद आलीच. पुढच्या फळीत मोबाईलचा वापर. गुण कापले, आणि त्या कापलेल्या गुणांवर दुसरी कंपनी पुढं गेली. कर्नल साहेबांनी विचारलं, फोन कुणी वापरला? गावंडे साहेब उभे राहिले. ‘‘माह्या हुकमानं वापरला, साहेब.’’ काय घडलं ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. मेजर साहेबही त्यांच्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, हुकूम माझाही होता. कर्नल साहेबांनी नोंदींचा कागद मिटला. मग म्हणाले, ‘‘समझ गया. नंबर कटे रहेंगे.’’

‘‘राहू द्या साहेब,’’ गावंडे साहेब म्हणाले. आणि त्यांच्या स्वरात ना अढी होती, ना पश्चात्ताप.

वानखडे दुसऱ्या दिवशी परत आला. त्यानं दवाखान्यातून त्या ग्रुपवर लिहिलं होतं की, मुलगी सुखरूप आहे, मी तिच्याजवळ बसलो आहे, तिच्या हाताला प्लास्टर आहे आणि ती माझ्याशी भांडते आहे. त्यावर लोकांनी अंगठ्याची चिन्हं टाकली, पण खोटी बातमी टाकणाऱ्यानं माफी मागितली नाही. वानखडे त्याच्याशी फोनवर खूप भांडला. मेजर साहेबांनी वानखडेला सजा दिली, ती त्यानं भोगली. पण पुढच्या वर्षी झोळी टांगली तेव्हा तीत वानखडेचा खरा फोन होता, तो महागडा, सोनेरी कडा असलेला. नुसता त्याचाच नव्हे. झोळी इतकी जड झाली की फांदी वाकली आणि साहेबांनी ती दुसऱ्या फांदीला बांधली. त्या वर्षी कुणाची झडती घेतली गेली नाही. घ्यावी असं कुणाला वाटलंही नाही. आणि सुनीतानं साहेबांशी बोलताना या वेळी एकही प्रश्न विचारला नाही. ‘‘तुमी हाय ना साहेब,’’ एवढंच म्हणाली.

साहेबांच्या निवृत्तीच्या दिवशी आम्ही त्यांना फुलांनी सजवलेल्या जीपमध्ये बसवून ती दोरानं ओढत गेटापर्यंत नेली. साहेब जीपमध्ये ताठ उभे होते आणि चार पावलांगणिक ओरडत होते, ‘‘सरळ ओढा रे, सरळ! कुठी चालले तुमी?’’ गणेश आपली परी घेऊन आला होता. तिनं साहेबांना मूठभर फुटाणे दिले. साहेबांनी ते सगळे एकदम तोंडात टाकले आणि गेटापर्यंत एक शब्दही बोलले नाहीत.

त्यानंतर त्यांची एकदाच भेट झाली. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस मी एका विद्यार्थ्याच्या घरी साखरपुड्याला तेल्हाऱ्याला गेलो होतो. साहेबांचं गाव तिथून हाकेवर, म्हणून चौकशी करत त्यांच्या घरी पोचलो. साहेब शेतात होते. घरी बाई होत्या, झोळी शिवणाऱ्या त्याच. ओसरीवर फोन चार्जिंगला लावलेला आणि बाई त्याच्या शेजारी बसून तूर निवडत होत्या. त्यांनी चहा केला आणि चहा देता देता सांगितलं की, धाकटी लेक पल्लवी फौजेत भरती झाली, मिलिटरी पोलिसात. दक्षिणेत कुठंतरी ट्रेनिंग चालू आहे. आता त्यांना जंगलात नेलं आहे, फोन काढून घेतले आहेत.

‘‘मी ह्यायले म्हनलं, तुमी फोन करून पाहा ना कॅम्पात,’’ बाई म्हणाल्या. ‘‘त म्हन्ते, पोट्टी कामात हाय, कायले त्रास द्यायचा. बस, शेतात निंघून गेले. सारा दिवस शेतातच राहते आजकाल.’’

मी शेताकडे निघालो. कपाशी कमरेएवढी झाली होती, फुला-बोंडांवर आलेली. साहेब मधल्या ओळीत वाकून पानं उलटून बघत होते. मला पाहताच सरळ झाले. ‘‘मास्तर!’’ आवाज तोच. कान तेवढेच बाहेर. केस मात्र पार पांढरे. आम्ही बांधावर बसलो. गणेशची, मेजर साहेबांची, शिकवणी वर्गाची चौकशी झाली. पल्लवीचा विषय मी काढला तेव्हा ते म्हणाले, ‘‘चांगलं हाय. शिकून राहिली. शिकू द्या,’’ आणि पुढं बोंडअळीवर बोलू लागले. बोलताना ते मधेच थांबत आणि घराच्या दिशेनं कान देत.

मी निरोप घेतला आणि परतीच्या वाटेला लागलो. बांधाच्या वळणावर होतो तेव्हा घराकडून बाईंची हाक आली, लांब, उंच आवाजात. ‘‘अवो! पोरीचा फोन! पोरीचा!’’

मी मागं वळून पाहिलं. साहेबांनी हात वर करून हाक ऐकल्याची खूण केली. पाऊल टाकलं ते सावकाश, सुभेदाराच्या चालीनं. कपाशीच्या दोन ओळी ओलांडेपर्यंत ते तसेच चालले. मी वळणावरच्या बाभळीआड गेलो असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी धोतराचा सोगा हातात घेतला आणि कपाशीच्या ओल्या पानांमधून, ओळी तुडवत, चपला मागे टाकून ते घराकडे धावत सुटले.